इतररावांच्या आसनिका

बैलांशी इतररावांचं तसं काही वैर नव्हतं. वीतभरसुद्धा लांबी नसलेले मातीचे बैल, त्यातही कुणाचं शिंग मोडलेलं, कुणाचा पाय गेलेला. अशा गरीब जनावरांशी कोण वैर धरणार? पण ते बैल ज्या बाईंच्या ताब्यात होते, त्या बाई इतररावांच्या डोळ्यांत इतक्या खुपत की नुसता बैल दिसला तरी त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. मत्सर हा शब्द ते स्वतः कधी वापरत नसत. ते त्याला 'तत्त्वाचा प्रश्न' म्हणत.

उत्खननात निघालेल्या मातीच्या वस्तूंचं वर्गीकरण करणारं त्यांचं कार्यालय होतं. जमिनीतून जे निघेल ते आधी मागच्या अंगणात मावशींकडे धुवायला जायचं, मग वाळायचं, मग बारीक निबेने त्याच्यावर नंबर पडायचा आणि मग त्याचा वर्ग ठरायचा. खापरं एका खोलीत, मणी दुसऱ्या खोलीत, मूर्ती तिसऱ्या खोलीत. आणि ज्याचं काहीच ठरत नाही ते सगळं, म्हणजे गोळे, चकत्या, वळकट्या, कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी कंटाळून दाबलेला चिखल, हे जिन्याखालच्या खोलीत 'इतर' या वर्गात. हा वर्ग बावीस वर्षं त्यांच्याकडे होता. त्यावरून अख्खं ऑफिस त्यांना इतरराव म्हणायचं, आणि पुढेपुढे शेजारीपाजारीही म्हणायला लागले. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या यादीत आणि बायकोच्या रागात उरलं होतं.

आता त्यांचं मूळ दुखणं. उत्खननाच्या अहवालाचे चार खंड निघाले होते. प्रत्येक वर्गाला एक प्रकरण आणि प्रकरणाखाली ते लिहिणाऱ्याचं नाव. 'इतर'ला मात्र प्रकरण नसतं. शेवटी एक तक्ता असतो, आणि तक्त्याखाली नाव घालायची पद्धत नाही. चार खंड, प्रत्येकी सहाशे पानं, आणि त्यात इतरराव नावाचा माणूस कुठेच नाही. पाचवा खंड छापायला जायच्या बेतात होता. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि एकेका खंडाला पाच वर्षं लागतात हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे नाव लागलं तर याच खंडात, नाहीतर कायमचं राहिलं.

आणि बाई? बाईंना नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. येताच बैल मिळाले, पाचव्या खंडात सत्तर पानांचं प्रकरण मिळालं, वर्तमानपत्रात हातात बैल घेतलेला फोटो आला. तो फोटो इतररावांच्या बायकोने कौतुकाने कापून ठेवला. "किती साधी राहते हो बाई," ती म्हणाली. साधी राहायला काय जातंय, सत्तर पानं मिळाली तर मीही साधा राहीन, असं इतररावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. शिवाय बाई त्यांना काका म्हणत. वयात अंतर अवघं अकरा वर्षांचं. अकरा वर्षांनी माणूस काका होत नाही, फार तर मोठा भाऊ होतो, हे त्यांनी घरी दोनदा हिशेब करून दाखवलं होतं.

असं सगळं चालू असताना एका दुपारी, मूर्तिविभागातून रिकामे म्हणून आलेले ट्रे झटकताना, त्यांच्या हाताला ते गोळे लागले.

लिंबाएवढा एकेक गोळा. खालून सपाट, वरून किंचित दाबलेला, आणि त्या दाबलेल्या भागात चार बारीक खळगे. एक नाही, दोन नाही, चांगले एक्केचाळीस. प्रत्येकाबरोबर खंदक आणि थर लिहिलेली चिठ्ठी, आणि एक पांढरी चिठ्ठी: 'धुऊ नये.' इतररावांनी दार लोटून घेतलं. बावीस वर्षांत जिन्याखालच्या खोलीचं दार पहिल्यांदा लागलं. एक्केचाळीस वस्तू एकाच घाटाच्या असतील तर त्याला 'इतर' म्हणत नाहीत, त्याला वर्ग म्हणतात. आणि वर्ग म्हटला की प्रकरण आलं.

पुढचे दोन महिने माणूस हवेत होता. त्यांनी प्रत्येक गोळ्याची वरून, खालून आणि बाजूने अशी तीन चित्रं काढली. खळग्यांची खोली मोजली. चार खळगे म्हणजे चार दिशा, हे तर उघडच होतं. मधला दाब म्हणजे बसण्याची जागा. म्हणजे हे कुणातरी अदृश्य शक्तीचं आसन. त्यांनी नाव दिलं, 'आसनिका'. नाव उच्चारताना त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना वेगळा वाटायचा.

अडचण एवढीच होती की चार खळगे एकोणतीस गोळ्यांनाच होते. नऊ गोळ्यांना तीनच होते. तीन गोळ्यांना तर दोनच. दुसरा कुणी असता तर इथे थबकला असता. इतरराव थबकले नाहीत, कारण माणसाला एकदा प्रकरण लिहायचं असलं की त्याला काहीही सुचतं. तीन रात्री विचार करून त्यांनी ठरवलं की त्या काळी तीनच दिशा मानणारा एक बंडखोर पंथ असला पाहिजे. चौथी दिशा का नाकारली, यावर त्यांनी नऊ पानं लिहिली. दोन दिशा मानणारे लोक बहुधा नदीकाठचे असावेत, त्यांना फक्त वरची आणि खालची बाजू कळत असावी, असं एक नम्र अनुमानही जोडलं.

सगळ्यांत गोड गोष्ट चिठ्ठ्यांवर होती. जिथे जिथे आसनिका निघाली, तिथे तिथे त्याच खंदकात, त्याच थरात बाईंचा एकेक बैल निघालेला. अगदी जोडीने. याचा अर्थ इतररावांच्या मते सरळ होता. मुख्य वस्तू आसनिका, आणि बैल म्हणजे तिच्यापुढे ठेवलेली किरकोळ भेट. 'बैलांचे स्थान दुय्यम' हे वाक्य त्यांनी लिहिलं, खाली रेघ ओढली, आणि त्या दिवशी घरी जाताना ते शीळ घालत होते असं पानवाल्याने पाहिलं.

घरी चित्रं भिंतीला लागली आणि शेजाऱ्यांची रीघ लागली. सल्ला द्यायला आपल्याकडे पदवी लागत नाही, फक्त शेजारी राहावं लागतं. समोरचे दंतवैद्य म्हणाले की हा दाढेचा साचा आहे, चार टोकं म्हणजे दाढेची चार टोकं, आणि तीनवाल्या माणसाची दाढ किडलेली असणार. खालच्या मजल्यावरचे शिंपी म्हणाले, बटण आहे, चार भोकांचं. लिंबाएवढं बटण कुठल्या अंगरख्याला लावणार, असं विचारल्यावर ते म्हणाले, माणसं तेव्हा मोठी होती. इतररावांच्या मेहुण्याचं फर्निचरचं दुकान होतं. त्याने चित्र उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, हे काहीतरी कशाच्या तरी खाली घालायचं आहे." लाकूडकाम करणाऱ्याला जगात सगळीकडे डुगडुगणारी टेबलंच दिसतात, असं म्हणून इतररावांनी त्याला चहा देऊन वाटेला लावलं.

ऑफिसात बातमी फुटायला वेळ लागला नाही. साहेब खूश झाले. कार्यालयाच्या नव्या प्रदर्शन दालनाचं उद्घाटन जवळ आलं होतं आणि एक काचेचं कपाट रिकामं होतं. ते इतररावांना मिळालं. पेंटरने पाटीसुद्धा रंगवली: 'आसनिका'. पाचव्या खंडात बारा पानं द्यायचं ठरलं. बाई स्वतः जिना उतरून अभिनंदन करायला आल्या. एक गोळा हातात घेऊन त्यांनी नखाने हलकेच खरवडला, बोटाला लागलेली माती पाहिली आणि म्हणाल्या, "काका, एखादा पाण्यात घालून बघितलात का? भाजलेला असेल तर काही होणार नाही. मला जरा शंका येते."

इतररावांनी गोळा त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यांच्या मनात आलं, जळतात बाई. दोन वर्षं आपण ज्या आगीत होतो ती आता यांना लागली. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. "यावर 'धुऊ नये' लिहिलंय," ते गंभीरपणे म्हणाले. बाई वर गेल्या आणि इतरराव संध्याकाळपर्यंत स्वतःशीच हसत राहिले.

मग घोडं नोंदवहीपाशी पेंड खायला लागलं. कपाटात वस्तू मांडायची तर प्रदर्शन क्रमांक हवा, आणि क्रमांक हवा तर नोंदवहीतले सगळे रकाने भरलेले हवेत. नोंदवही सांभाळणारे कारकून हे एक शांत गृहस्थ होते. माणूस मेला तरी चालेल, रकाना रिकामा राहता कामा नये, असं त्यांचं धोरण होतं. बारावा रकाना होता 'धुतल्याची तारीख'. इतरराव म्हणाले, या धुवायच्या नाहीत, चिठ्ठी बघा. कारकून म्हणाले, चिठ्ठी हा रकाना नाही. मग बैलांचं कसं केलंत? तर बैलांवर रंगाचे अंश आहेत म्हणून तिथे 'लागू नाही' लिहिलंय, विभागप्रमुखांच्या सहीने. मग इथेही 'लागू नाही' लिहा. लिहितो की, कारकून म्हणाले, सही आणा.

विभागप्रमुख कोण, हे विचारायची गरजच नव्हती. गेल्याच महिन्यात 'मूर्ती व इतर' असा जोडविभाग झाला होता आणि त्याच्या प्रमुख बाई होत्या. म्हणजे इतररावांच्या आसनिका न धुण्यासाठी बैलवाल्या बाईंपुढे अर्ज घेऊन उभं राहायचं. ज्या लेखात त्यांचे बैल दुय्यम ठरवले, त्या लेखासाठी त्यांचीच मेहरबानी मागायची. आणि त्या हसून सही करतील, तेही 'घ्या काका' म्हणून. हे इतररावांना सोसणारं नव्हतं. रात्रभर त्यांनी कूस बदलली. बायको म्हणाली, "अहो, एक सही तर आणायची, त्यात काय एवढं?" तिला तत्त्वाचा प्रश्न कळत नव्हता.

सकाळी त्यांनी एक्केचाळीस गोळे ट्रेमध्ये भरले आणि स्वतः उचलून मागच्या अंगणात मावशींकडे नेले. बाईंच्या सांगण्यावरून एक गोळा पाण्यात घालायला जो माणूस तयार नव्हता, तो बाईंची सही टाळण्यासाठी सगळेच्या सगळे घेऊन निघाला होता. मावशींना त्यांनी बजावलं की मऊ ब्रश वापरा, घाई करू नका, या वस्तू साध्या नाहीत. मावशी म्हणाल्या की आधी अर्धा तास भिजत घालावं लागतं, ती रीत आहे. घाला, असं म्हणून इतरराव चहा घ्यायला गेले. कॅन्टीनमध्ये त्यांनी मणीवाल्यांना तीन दिशांचा पंथ पुन्हा एकदा समजावून सांगितला.

परत आले तेव्हा मावशी घमेल्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपत होत्या.

"साहेब, तुम्ही किती दिले होते?"

"एक्केचाळीस. का?"

"एकपण लागंना हाताला. नुसता गाळ आहे." त्यांनी ओंजळभर काढून दाखवला. "कच्ची माती हो ही. भाजलेलं असतं तर कशाला विरघळलं असतं? माझ्या हातून एवढ्या वर्षांत एक खापर फुटलं नाही, तुम्हाला माहीत आहे."

इतररावांना ते माहीत होतं. ते घमेल्यापाशी खाली बसले. पाणी वरवर चहाच्या रंगाचं झालं होतं आणि तळाशी लोण्यासारखी मऊ माती बसली होती. त्यांनी त्यात हात घातला आणि बराच वेळ ते हात फिरवत राहिले. मावशींनी न सांगताच कोरडं फडकं आणून बाजूला ठेवलं.

संकटं एकटी येत नाहीत, ती फोटोग्राफर घेऊन येतात. दालनाच्या पुस्तिकेसाठी कार्यालयाचा जुना फोटोग्राफर दुसऱ्या शाखेतून मुद्दाम बोलावला होता. तो दुपारी कॅमेरा, दिवे, पडदे घेऊन हजर. वस्तू तर नव्हत्या, तेव्हा साहेबांनी त्याच्यापुढे निदान चित्रं ठेवली. चित्रं बघून त्या माणसाचा चेहरा उजळला.

"अरे, हे तर माझे टेकू!"

साहेब, बाई, कारकून आणि इतरराव यांच्यासमोर त्याने उत्साहाने सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी खोदकामाच्या जागी, तंबूत, बैलांचे फोटो काढायचे होते. मोडके बैल उभे राहीनात, आणि चार पायांचे होते तेही डुगडुगत. म्हणून खंदकाबाहेरच्या ढिगातली ओली माती घेऊन त्याने प्रत्येकासाठी एकेक गोळा केला आणि बैल त्याच्यावर दाबून उभा केला. पुन्हा लागला तर हाताशी असावा म्हणून ज्या बैलाचा टेकू त्याच्याच ट्रेमध्ये ठेवला. शिस्तीचा माणूस. पुढे बैल गादीच्या खोक्यांत गेले आणि टेकू ट्रेमध्येच राहिले, बैलांच्याच चिठ्ठ्यांसकट.

बाईंनी आपलं रजिस्टर उघडलं. चार पाय शाबूत असलेले बैल एकोणतीस, तीन पायांचे नऊ, दोन पायांचे तीन. कारकुनांनी बेरीज करून पाहिली आणि एक्केचाळीस बरोबर येतात असं सांगितलं. त्यांना विचारलं कुणीच नव्हतं.

इतररावांना त्या क्षणी चुकल्याचं दुःख नव्हतं. चूक काय, माणसाच्या हातून होतेच. दुःख याचं होतं की बावीस वर्षांनी एक गोष्ट आपली म्हणून मिळाली आणि तीही निघाली बाईंच्या बैलांच्या पायाखालची. चौथी दिशा नाकारणाऱ्या पंथाची नऊ पानं त्यांनी घरी नेली आणि फडताळाच्या तळाशी घातली. बारा पानं रद्द झाली. काचेच्या कपाटात तीन बैल मांडले गेले. पाटी मात्र उद्घाटनाच्या सकाळपर्यंत तशीच राहिली, आणि ती उतरवायला कुणी जाईना म्हणून शेवटी इतररावांनीच स्टूल घेऊन उतरवली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. साहेबांनी विषय पुन्हा काढायचा नाही असं सांगितलंच होतं. पण महिन्याभराने अभ्यासकांची एक बैठक भरली आणि तिथे बाईंनी 'टेकू' या नावाचा वीस मिनिटांचा निबंध वाचला. आपलीच अवजारं आपल्यालाच प्राचीन कशी वाटतात, चिठ्ठीवर विश्वास ठेवून वस्तूकडे बघायचं कसं राहतं, वगैरे. मोठा गोड निबंध होता. तीन दिशांचा पंथ आला तेव्हा सभागृहात हशा पिकला, पण तो वाईट हशा नव्हता. पांढऱ्या केसांची मोठमोठी माणसं आपापल्या चुका आठवून हसत होती. बाई दर वेळी 'आमचे एक सहकारी' एवढंच म्हणत. शेवटी लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. एका वृद्ध अभ्यासकाने विचारलं, हा निबंध पाचव्या खंडात येतोय ना? साहेब म्हणाले, येतोय.

मागच्या रांगेत इतरराव बसले होते. त्यांच्या पोटात जी आग उठली तिच्यापुढे आधीची दोन वर्षं म्हणजे शेकोटीच. बैल बाईंचे, सत्तर पानं बाईंची, फोटो बाईंचा, हे सगळं त्यांनी गिळलं होतं. आता चूकसुद्धा बाईंचीच? मोजली इतररावांनी, चित्रं काढली त्यांनी, रात्री जागून पंथ शोधला त्यांनी, भिजत घातली त्यांनी; आणि टाळ्या कुणाला? शहाण्या माणसाने अशा वेळी देवाचे आभार मानले असते की आपलं नाव कुठे आलं नाही. इतरराव शहाणे होते, पण त्या दिवशी नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते जिना चढून बाईंच्या खोलीत गेले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, काका भांडायला आलेत.

"तुमच्या निबंधात माझं नाव नाही," इतरराव म्हणाले.

"मुद्दामच घातलं नाही, काका. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. लोक काय बोलतील..."

"नाव घाला."

इतररावांना बसा म्हटलेलं नव्हतं, तरी ते खुर्ची ओढून बसले.

"बाई, खरं सांगतो. मी तुमच्यावर जळतो. तुम्ही आलात त्या दिवसापासून. तुम्ही पाण्यात घाला म्हणालात तेव्हा मला वाटलं तुम्हीच माझ्यावर जळताय, आणि मला इतका आनंद झाला की मी पाण्यात घातलंच नाही. हेही लिहा हवं तर. पण चूक माझी आहे. बावीस वर्षांत या ऑफिसात मी स्वतःची अशी ही एकच गोष्ट केली. ती तरी माझ्याकडे राहू द्या."

बाईंनी हस्तलिखित पुढे ओढलं, पेन उघडलं आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा. मला इतरराव एवढंच माहीत आहे."

इतररावांनी सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. सांगताना त्यांनी उगीचच खिडकीबाहेर पाहिलं. बाईंनी लिहून घेतलं, पुन्हा वाचून दाखवलं, आणि म्हणाल्या की मग कच्ची माती पहिल्यांदा ओळखली मावशींनी, त्यांचंही नाव घालायला हवं. इतरराव म्हणाले, हो, ते बरोबर आहे. पण हे त्यांना तितकंसं बरोबर वाटत नव्हतं.

पाचवा खंड आला तेव्हा त्यांनी तो ऑफिसात उघडला नाही. घरी आणला, बायकोला शेजारी बसवलं आणि पान काढलं. पानाच्या तळाशी बारीक टाइपात टीप होती. आधी मावशींचं नाव आणि गाव, मग फोटोग्राफरचं, मग त्यांचं. आणि त्यापुढे एक्केचाळीस गोळे, त्यांची मापं, चार दिशा, तीन दिशा, नदीकाठची माणसं, सगळं अगदी बैजवार. बायकोने नावावर बोट ठेवून दोनदा वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की ती हसत होती, ते नीट कळेना. ती म्हणाली, "पण मावशी तुमच्या आधी आहेत."

"आहेत," इतरराव म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, पट्टी आणली आणि पानावर आडवी ठेवून सावकाश ओळी मोजल्या. मावशींना दीड ओळ होती, त्यांना सात.